चिंधीवरचा पहिला टाका

टेका ना हात. घाई नाही. मी या पॅसेजच्या भिंतीवरची लाकडी दांडी बोलतेय. लोक कामाला दांडी मारतात, मी मात्र सतरा वर्षांत जागची हललेली नाही.

माझा जन्म मला अर्धवट स्वप्नासारखा आठवतो. आधी खूप उंचावर वारा होता. मग करवत, मग रंधा, आणि डोळे मिटून माझ्यावरून तळवा फिरवणारा एक म्हातारा सुतार. "हाताला कुसळ लागता कामा नये," असं तो स्वतःशीच म्हणायचा. त्यानेच मला बारा खोल्यांसमोरून बागेच्या दारापर्यंत बसवलं. दारापाशी मात्र मी हातभर अलीकडेच संपते. तेवढं अंतर ज्याचं त्यानं चालायचं.

हे घर पडलेल्यांचं आहे. कोणाची एक बाजू लुळी, कोणाचा खुबा मोडलेला. इथे राहून ते पुन्हा चालायला शिकतात. मला त्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत, मी तळवे ओळखते. दुपारी ऊन फरशीवरून सरकत येतं, मला डुलकी लागते आणि झोपेतच हात येत राहतात. ड्रायव्हरचा खरखरीत, मास्तरांचा घामेजलेला. काही हात येईनासे होतात. ते घरी गेले की आणखी कुठे, हे मला कोणी सांगत नाही.

अशाच एका दुपारी एक डावा हात आला आणि माझी झोप उडाली. त्यानं मला धरलं नाही. आधी अंगठा आणि बोट माझ्यावर घासून पाहिलं, दुकानात कापड पारखतात तसं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई होती ती. उजवी बाजू अर्धांगानं गेलेली. सगळे तिला शिवणबाई म्हणत.

दर रविवारी तिची लेक यायची.

"आई, मशीनवर धूळ बसू देत नाही मी. पण डॉक्टर म्हणाले, खोलीपासून बागेच्या दारापर्यंत एकटीनं चालायचं. सलग तीन दिवस, न पडता. मगच घरी."

"आणि पडले तर?"

"चक्कर येऊन पडलीस तर अजून दोन महिने. खुर्चीत, पट्टा बांधून."

शिवणबाईची बोटं माझ्यावर घट्ट झाली. पट्ट्याची तिला मरणाची धास्ती होती.

दोन दिवस आम्ही दोघींनी पार पाडले. तिसऱ्या दिवशी नेमकी या घराची सरकारी तपासणी होती.

व्यवस्थापक साहेब मनाने वाईट नव्हते, पण चकचकाटावर त्यांचा भारी जीव. "मावशी, दांडी कशी आरशासारखी चमकली पाहिजे," ते म्हणाले. झाडलोट करणारी मावशी हात राखून काम करणारी नव्हेच. तिनं मला एकदा सोडून दोनदा पॉलिश चोळलं. खोटं कशाला बोलू, मीही खुलले. खिडकीतलं आभाळ माझ्यात उतरलं होतं आणि मी त्यात तरंगत होते.

साडेनऊला शिवणबाई निघाली. पाचव्या खोलीपाशी तिनं भार टाकला आणि तिचा हात माझ्यावरून सर्रकन निसटला. मी होते तिथेच होते. मला कोणाला धरता येत नाही, धरू देता येतं, आणि त्या दिवशी मला तेही जमलं नाही.

हाड वाचलं, गुडघा सोलवटला. सिस्टर धावल्या, मागोमाग साहेब.

"चक्कर आली असं लिहा, सिस्टर. अकराला तपासणीवाल्या बाई येतायत."

"माझाच पाय लटपटला असेल," शिवणबाई फरशीवर बसूनच पुटपुटली. मला ओरडावंसं वाटलं. लाकूड कसलं ओरडतंय. तेवढ्यात तिनं सवयीनं अंगठा बोटावर घासला, थांबली, पुन्हा घासला.

"सिस्टर, हे काय लागलंय हो?" ती म्हणाली. "मशीनला तेल दिलं की मी आधी चिंधीवर चार टाके घालते. मगच गिऱ्हाइकाच्या कापडाला हात. तुम्ही तर मलाच चिंधी केलीत."

मावशी हातातल्या फडक्यासकट पुढे आली. "मीच लावलं ते. दोनदा."

सिस्टरनी माझ्यावर तळवा ठेवून अंगाचा भार दिला. तळवा घसरला. त्यांनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "दांडीला पॉलिश लावल्याने हात निसटून पडल्या. चक्कर नाही."

"अहो, आपल्या घराचं नाव जाईल."

"साहेब, चक्कर लिहिली तर हिचं घर जाईल."

तपासणीवाल्या बाईंनी शेरा मारला, साहेबांचं तोंड एवढंसं झालं. पण दुसऱ्या दिवशी बाह्या सरसावून सँडपेपर घेऊन तेच आले. माझ्यातलं आभाळ पुसलं गेलं. मला वाईट वाटलं नाही.

डॉक्टरांनी वही वाचली. दोन महिने नाहीत, पट्टा नाही, गुडघा भरला की फक्त तीन दिवस पुन्हा. शेवटच्या दिवशी शिवणबाई माझ्या टोकाशी आली. दारात लेक उभी होती, हात पाठीमागे बांधून, कारण सिस्टरनी बजावलं होतं, पुढे यायचं नाही. शिवणबाईनं मला अंगठ्यानं एकदा पारखलं आणि सोडलं. हातभर अंतर. मग बागेतली पावलं ऐकू आली, चार पायांची. एक हात घरी गेल्याचं मला पहिल्यांदाच पक्कं कळलं.

आता मी निस्तेज आहे, फिकट, थोडी खरखरीत. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मावशी माझ्यावर डावा हात टाकून, सगळा भार देऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. "चिंधी झाली," असं ती हाक मारून सांगते. मगच खोल्यांची दारं उघडतात.

एवढंच मागणं आहे. मला चमकवू नका, आणि ही हाक कधी चुकवू नका.

आजची चिंधी झालीय. या, टाका भार.