ओळख, कोणतं गाव आलं

माझी मुलगी जयश्री रोज सकाळी दहाच्या सुमारास फोनवर स्टेटसला एक फोटो ठेवते. फोटोत ती नसते. कुणीच माणूस नसतं. कधी रस्ता, कधी भिंत, कधी पाण्याची टाकी, कधी लिंबाखाली उभी असलेली हातगाडी. खाली एक अक्षर लिहिलेलं नसतं. मी इथे सुरतेत, नवागामच्या खोलीत चहा बाजूला ठेवून तो फोटो दोन बोटांनी मोठा करतो, कोपरान् कोपरा बघतो आणि स्वतःला म्हणतो, भिकन, ओळख पाहू, कोणतं गाव आहे हे.

दोन वर्षं झाली. ओळखता आलेलं नाही.

फोन करून विचारा की, असं कुणीही म्हणेल. त्याला दोन अडचणी आहेत. एक म्हणजे तीस वर्षं कापड कारखान्यात लूमच्या खडखडाटात उभं राहून माझे कान गेले. समोरच्याचे ओठ बघून मी निम्मंअर्धं समजून घेतो, पण फोनवर ओठ कुठून दिसणार. दुसरी अडचण मी स्वतः. तिला घराबाहेर मीच काढलं, मग मीच कसं विचारू की बाई गं, कुठे आहेस? बापाला नाक नावाची काही चीज असते. म्हणजे मला होती.

लोकेश आमच्याच गल्लीतला. बाप नागनाथ रेल्वेत, आई अंजनाबाई. बौद्ध घर. माझी बायको सरला आजारी पडली तेव्हा या अंजनाबाईनं तीन महिने आमच्याकडे भाकऱ्या पाठवल्या. त्या मी खाल्ल्या, आणखी एक दे असंही म्हणालो. तेव्हा मला जात आठवली नाही. सरला गेली, वर्ष सरलं, पोरांनी लग्न करायचं म्हटलं, आणि तेव्हा बरोबर आठवली. मी त्यांच्या दारात जाऊन काय काय बोललो ते इथे सांगत नाही, माझंच तोंड विटाळेल. जयश्रीला म्हणालो, हा उंबरठा ओलांडलास तर तू मला मेलीस. ती माझ्यासारखीच हट्टी. ओलांडून गेली. महिन्याभरात नागनाथनं खोली सोडली आणि ते घरच्या घर कुठे गेलं ते कुणाला सांगितलं नाही. मागे मी उरलो आणि मला ऐकू न येणारा टीव्ही.

आता हे फोटो ओळखायचं काय खूळ, तर त्याचंही मूळ माझ्यातच आहे. जयश्री लहान असताना मे महिन्यात आम्ही भुसावळ पॅसेंजरनं गावी जायचो, अमळनेरला. वाटेत पोर कंटाळायची. मग मी तिचे डोळे मिटायला लावायचो आणि बाहेर दिसेल ते सांगायचो. डोंगर दिसताहेत, सागाची झाडं आहेत. ती म्हणायची, नवापूर. मिरच्या वाळत घातल्यात, सगळं रान लाल आहे. नंदुरबार. आणि ती अडली, गाडी हलली, की मी चिडवायचो, गाडी सुटली ना बाई, आता ओळखून काय उपयोग. त्यावर ती रडकुंडीला यायची आणि सरला मला दटावायची. असा आमचा खेळ. तेव्हा मी सांगायचो आणि ती ओळखायची. आता ती दाखवते आणि मी बसतो डोकं खाजवत.

एकदा मोठी नदी आली फोटोत, वर लांबलचक पूल. मी म्हटलं, गोदावरी, म्हणजे नाशिक. दुसऱ्या दिवशी एकसारख्या पिवळट इमारतींची रांग आली, तेव्हा मी मनानं पार नागपूरला गेलो. पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, माझ्या जुन्या कारखान्यातला बाबुराव बसतो, त्याला एक फोटो दाखवला. मुलीचा आहे म्हणायला जीभ रेटेना, म्हणून भाच्यानं प्लॉट घेतलाय असं ठोकून दिलं. त्यानं चष्मा वर-खाली करून ठामपणे सांगितलं, इंदूर. त्याच संध्याकाळी तोच फोटो पुन्हा दाखवला तर तितक्याच ठामपणे म्हणाला, अकोला. त्यानंतर मी त्याच्या नादी लागलो नाही.

या एप्रिलमध्ये एक फोटो आला आणि माझा चहा तसाच राहिला. एका इमारतीची गच्ची. कठड्यावर गोधडी वाळत घातलेली. ठिगळांची, हातानं शिवलेली, आणि मधलं ठिगळ जांभळं, पोपटी काठाचं. ते सरलाचं लुगडं. जयश्री जाताना पिशवीत घालून घेऊन गेली होती, मी बघूनही काही बोललो नव्हतो. लुगडं मी लगेच ओळखलं. पण गोधडी केवढी? दोन हातसुद्धा नाही. एवढ्या गोधडीनं मोठ्या माणसाचे गुडघेही झाकत नाहीत. मग ती कुणासाठी शिवलीय हे कळायला मला फार वेळ लागला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. आमच्यात ते कुणी कुणाला सांगावं लागत नाही. आई नसली म्हणून काय झालं, बाप आहे. मी खोलीला चुना लावला. खाटेची सुंभं आवळली. शेजारच्या मंदाला विचारून ठेवलं की बाळंतिणीचं करशील का, तेल-शेक, डिंकाचे लाडू. ती म्हणाली, करीन की भिकनभाऊ, पण बाळंतीण कुठे आहे?

तेच तर शोधायचं होतं, आणि दिवस भरायच्या आत शोधायचं होतं. फोटो चोवीस तासांत पुसला जातो. तो धरून ठेवायची युक्ती मोबाइलच्या दुकानातल्या पोरीकडून शिकून घेतली आणि रात्रंदिवस त्यातच तोंड घालून बसलो. गोधडीच्या मागे, गच्चीवर, दुसऱ्या एका जुन्या लुगड्यावर बिबडे वाळत होते. ज्वारीचे, पापडासारखे गोल गोल बिबडे, चांगले शंभरएक. मांडीवर थाप मारली मी. बिबडे घालावेत ते खानदेशानं, दुसऱ्या कुणाला ते कळतसुद्धा नाहीत. आणि लोकेशचा मामा अमळनेरचा, हे मला ठाऊक होतं. झालं. खाली कंपाउंडची भिंत होती, तिच्यावर ‘इथे कचरा टाकू नये’ लिहिलेलं. तेही मी दहादा वाचलं, पण त्यातून काय कळणार, कचरा कुठे टाकत नाहीत.

उधना स्टेशनवरून गाडी धरली आणि अमळनेरला उतरलो. लोकेशच्या मामाचं आडनावसुद्धा मला माहीत नव्हतं, तेव्हा दोन दिवस फोन हातात धरून गावभर फिरलो. रिक्षावाल्यांना दाखवला, किराणावाल्याला दाखवला, एका पोस्टमनला थांबवून दाखवला. उन्हानं टाळकं तापलं. गावात आता माझं कुणी उरलेलं नाही, रात्री स्टेशनच्या बाकावर काढल्या. आणि त्या दोन दिवसांत जयश्रीनं नवा फोटो ठेवला नाही. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी दर तासाला उघडून बघायचो.

तिसऱ्या दिवशी बाजारात शेंगा विकणाऱ्या एका म्हातारीजवळ सावलीला टेकलो. धुरपदाबाई तिचं नाव. मी इतका मोठ्यानं बोललो की तिला वाटलं भांडायला आलोय. मग फोटो दाखवला. तिनं फोन डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला आणि भिंतीवर बोट ठेवून अहिराणीत विचारलं.

“हाई काय लिखेल शे, भाऊ?”

मी म्हणालो, “इथे कचरा टाकू नये. वाच ना.”

“तू वाचस. माले नही येत.” ती तोंड माझ्याकडे करून सावकाश बोलली. “मी चौथी शिकेल शे. पन या अक्षरसले वरती रेघच नही. हाई मराठी नही, भाऊ.”

मी फोन ओढून घेतला. खरंच रेघ नव्हती. गुजराती होतं ते. चांगलं हातभर मोठ्या अक्षरांत, निळ्या रंगात, गुजराती. मी रोज बघत होतो, रोज वाचत होतो आणि मनात मराठीत उतरवून पुढे जात होतो. तीस वर्षांत कारखान्याच्या फाटकावर, रेशनच्या दुकानावर, लाइटबिलावर हीच अक्षरं वाचली. ती वेगळी आहेत हेच मी विसरलो होतो. चौथी शिकलेल्या बाईला जे दिसलं ते मला दिसलं नाही. धुरपदाबाईनं ओंजळभर शेंगा हातावर ठेवल्या आणि म्हणाली, खा आणि घर जाय.

परतीच्या गाडीत मी मनात गुजरातची गावं घोळवत होतो. बडोदा असेल, भरूच असेल, वापीही असू शकतं. उधन्याला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजत होते. बाहेर भूपेंद्र नावाचा रिक्षावाला असतो, तोंडओळखीचा. काहीतरी विचारायचं म्हणून त्याच्यासमोर फोन धरला. त्यानं धड पाहिलंही नाही.

“आ तो कोसाड, काका. अमरोली पासे. बेसी जाव.”

“किती लांब?”

“पोणो कलाक.”

पाऊण तास. म्हणजे पोरगी सुरतेतच होती. मी रिक्षात बसलो. रिक्षा पुलावर चढली, खाली तापी. पात्र, कठडे, पलीकडचा तो उंच मनोरा, सगळं मी फोटोत पाहिलेलं. हिला मी गोदावरी म्हणालो होतो. तीस वर्षं मी सुरतेत राहिलो म्हणतो, पण मी राहिलो ते खोली ते कारखाना आणि कारखाना ते खोली. पाळी संपली की झोप, झोप संपली की पाळी. सरला म्हणायची, एकदा पोरीला घेऊन गावभर हिंडून येऊ. येऊ म्हणालो आणि कधीच गेलो नाही. आपल्याच गावाचे फोटो आपल्याला ओळखू येऊ नयेत, असा माणूस मी.

कोसाडला एकासारखी एक इमारत. पण भिंत सापडली, निळी अक्षरं सापडली, वर मान केली तर गच्चीच्या कठड्यावर काही नव्हतं. जिना चढत एकेक दार बघत गेलो, तिसऱ्या मजल्यावर एक दार उघडं होतं. आत अंजनाबाई बाजरीचं पीठ मळत होती. मला बघून तिचे हात थांबले. मी म्हणालो, जयश्री.

तिनं हात धुतले, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मला दिसेल असं बोलली.

“परवा पहाटे मोकळी झाली. मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत. दवाखान्यात आहेत, उद्या घरी आणू.”

परवा पहाटे मी अमळनेरच्या बाकावर होतो. तिथून मी पोस्टमनला अडवायला निघालो होतो.

“मला कळवायचं होतं,” मी म्हणालो. आवाज चढला. बहिऱ्याचा आवाज चढतोच, पण हा तो नव्हता.

“मी तर कधीच कळवलं नसतं, भाऊ. आमच्या दारात तुम्ही काय बोलून गेलात ते माझ्या लक्षात आहे.” ती शांतपणे म्हणाली. “तीच म्हणायची, बाबा ओळखतील. त्यांना सांगायचं नाही, त्यांना ओळखू द्या. सकाळी फोटो ठेवायची आणि तासाभरानं बघायची. बाबांनी पाहिला, असं मला सांगायची, मग जेवायला बसायची.”

“तिला काय कळतंय मी पाहिला ते?”

“बघणाऱ्याचं नाव येतं ना खाली. आणि ते फोटो तुमच्या एकट्यापुरतेच असायचे. मलासुद्धा दिसत नाहीत.”

मी दारातच, बाहेरच्या पायरीवर बसलो. दोन वर्षं मला वाटत होतं मी चोरून बघतोय. ती रोज सकाळी माझं नाव बघून जेवत होती, आणि मी आपला नाशिक, नागपूर, इंदूर करत बसलो होतो. एक ओळ लिहिली असती तरी चाललं असतं. कुठे आहेस, एवढंच. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. अंजनाबाई आत गेली आणि ताटात गरम भाकरी घेऊन आली. यावेळी मी मान खाली घालून खाल्ली.

खाऊन झाल्यावर म्हणालो, “मला फोटो ठेवायला येत नाही. फक्त बघता येतो.”

“मला शिकवलंय तिनं,” अंजनाबाई म्हणाली. “कशाचा ठेवायचा?”

मी उठलो, चपला काढल्या आणि तिच्या दारासमोर नीट जोडून ठेवल्या. डाव्या चपलेचा अंगठा मी लूमच्या पट्ट्यानं शिवलेला, जयश्रीला ठाऊक असलेला. मागे उंबरठा येईल असा फोटो काढला. अंजनाबाईनं तीन-चार ठिकाणी बोट दाबलं आणि फोन माझ्या हातात दिला. खाली डोळ्याचं चित्र होतं, त्याच्यापुढे काही नव्हतं. मी पायरीवर बसून त्याच्याकडे बघत राहिलो. बाळंतीण झोपली असेल. पोर प्यायला घेतलं असेल. कदाचित तिनं बघायचंच सोडून दिलं असेल, आणि तसं केलं तरी तिचं काय चुकलं.

पाऊण तासानं डोळ्यापुढे एकचा आकडा आला. आणखी थोड्या वेळानं तिची दोन वर्षांतली पहिली ओळ आली, मराठीत.

“गाडी अजून उभी आहे, बाबा.”

मी चपला घातल्या आणि अंजनाबाईला विचारलं, दवाखाना कुठे आहे.