ग्रहणातला कर्णा

डॉ. रामनाथ वालावलकरांना आकाशातलं किती कळत होतं देव जाणे, पण हार-तुरे कुठे मिळतात ते बरोब्बर कळायचं. अंधेरीतल्या विद्यापीठाच्या खगोल केंद्राचे ते प्रमुख, आणि सुलक्षणा तारीचे गाईड. सुलक्षणा चार वर्षं त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. तेवढ्या काळात तिने सरांना दुर्बिणीला डोळा लावताना एकदाच पाहिलं होतं, तेही फोटोवाला आला होता म्हणून.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण आलं. मुंबईतून पूर्ण दिसणार नव्हतं, पण बराचसा सूर्य झाकला जाणार होता, तोही भर दुपारी. सुलक्षणाचा अख्खा प्रबंध त्या एका दुपारवर टांगलेला. लांबच्या एका रेडिओ केंद्राचा आवाज किती जोरात येतो, ते तिच्या यंत्राची सुई सरकत्या कागदावर आखत राहायची. सूर्य झाकला की वरच्या हवेत फरक पडतो, आवाज जोर धरतो आणि रेघ हळूहळू वर चढते. ती चढण तिला कागदावर हवी होती, बस. हुकली तर मुंबईत पुढचं असं ग्रहण पंधरा वर्षांनी!

"सर, ग्रहण चालू असताना गच्चीवर विजेचं काही लावू नका हं. माझी एरियल आहे तिथे, सगळं कागदावर उमटेल," तिने आठवडाभर आधी बजावलं होतं.

"अगं, तू मला शिकवणार?" सर हसले. म्हणजे त्यांना कळलं, असं बिचारी समजली. डोंबल कळलं होतं!

सरांच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. 'अंधश्रद्धेवर विज्ञानाचा घाव' असा जाहीर कार्यक्रम! गच्चीवर मांडव, दुर्बिणीतून पांढऱ्या पडद्यावर पाडलेलं सूर्याचं बिंब, आणि ऐन ग्रहणात सगळ्यांनी मिळून बटाटेवडे खायचे. दोन वार्ताहरही बोलावले होते. त्यांच्याशिवाय कसलं आलंय विज्ञान?

त्या दिवशी घाटकोपरला सुलक्षणाची आई, मंजुळा, सकाळपासून तिच्या मागे लागली होती. "गे, गिराणात भायर जाव नको."

"आई, मी खोलीतच बसणार आहे. दार लावून."

"मगे घरच्याच खोलीत बस!"

आईचं ते असं. पण निदान जे मनात तेच तोंडात. सुलक्षणा चहा घेऊन निघाली.

दुपारी अंधेरी ओस पडली. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गच्चीवर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आणि त्यांत माणसं चार: सर, शिपाई काशीराम आणि ते दोघे वार्ताहर. वडे थंड होत चालले. काशीराम तर वड्यांकडे बघायलाही तयार नव्हता, ग्रहण सुटल्याशिवाय तो पाणीसुद्धा पिणार नव्हता.

खाली यंत्राच्या खोलीत सुलक्षणा श्वास रोखून बसली होती. रेघ चढायला लागली होती, अगदी सावकाश, तिने मनात आखली होती तशीच. तिला एवढा आनंद झाला की टेबलाची कड तिने गच्च धरून ठेवली.

आणि सुई पिसाळली. वर, खाली, वर, खाली, नुसता धिंगाणा. त्याच वेळी डोक्यावरून आवाज गरजला, "नागरिकहो! खिडक्या उघडा! राहू-केतू हे थोतांड आहे!"

ती धावत गच्चीवर गेली. बघते तर काय, सरांनी कर्णा चढवलेला, आणि तोही तिच्या एरियलच्या खांबाला! का, तर सगळ्यात उंच खांब तोच. वायर एरियलला नागोबासारखी विळखा घालून बसलेली.

"सर, बंद करा! माझी रेघ गेली!"

सरांनी माईकवर हात ठेवला. "दोनच मिनिटं गं. समाजकार्य चाललंय ना!" आणि पुन्हा सुरू, "नागरिकहो!"

समोरच्या इमारतीत एक खिडकी जरा किलकिली होती, तीही धाडकन बंद झाली.

सुलक्षणाचा हात वायरकडे गेला आणि तसाच मागे आला. गाईडची सही नसेल तर प्रबंध रद्दी. तिने पुन्हा विनवलं, हात जोडले. पण उथळ पाण्याचा खळखळाट थांबतोय कुठे! ग्रहण सुटेपर्यंत सर बंद खिडक्यांना विज्ञान सांगत राहिले.

मग ते वार्ताहरांना घेऊन खाली आले. कागदावरचा धिंगाणा बघून त्यांचे डोळे चमकले. "बघा! ग्रहणाने वातावरण कसं हादरलं! हा शोध आमच्या केंद्राचा. लिहून घ्या." वार्ताहर लिहूही लागले.

सुलक्षणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज तिने अगदी मधाळ केला. "सर, हे लोकांनाही सांगायला हवं. कर्णा चालूच आहे, एकदा बोला ना."

सांगायचा अवकाश, सर जिना चढलेसुद्धा! वार्ताहरांना तिने यंत्रापाशीच थांबवलं. "आता ग्रहण नाही. सुई बघत राहा."

"नागरिकहो!" वरून आवाज आला. सुई उडाली. "आमच्या केंद्राने..." पुन्हा उडाली. सरांनी दम घेतला, रेघ सरळ झाली. "क्रांतिकारक शोध..." सुईने नुसता थयथयाट केला. म्हातारा वार्ताहर आधी खोकला, मग त्याला हसू आवरेना. दुसऱ्याने तर भिंतच धरली.

सर खाली आले ते कौतुकाला मान पुढे करूनच. ही हसणारी तोंडं आणि सुलक्षणाचा चेहरा बघून त्यांना उलगडा झाला. ते लालबुंद झाले. "प्रबंधावर सही कोणाची लागते, विसरलीस काय?"

"सही कशावर करणार, सर?" तिने कागदाची गुंडाळी फाडून त्यांच्या छातीशी धरली. "यात सूर्य नाहीच कुठे. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्हीच आहात."

वार्ताहर आणखी जोरात हसले. सुलक्षणाला मात्र रडू फुटलं, कारण कितीही हसले तरी ती रेघ काही परत येणार नव्हती.