कापसाचा खोकला

औषधांचं दुकान चालवणारा माणूस अर्धा डॉक्टर असतो, असं म्हणतात. आमच्या औषधवाल्याला वाटायचं, आपण पाऊण आहोत. त्याच्या सहा वर्षांच्या लेकीचा, चिमणीचा, खोकला महिनोन् महिने थांबेना, आवाजही घोगरा झाला, तेव्हा त्याने काउंटरवर बसल्या बसल्या निदान करून टाकलं: कापसाची अ‍ॅलर्जी. कारण त्याचे वडील, अण्णा, गादीवाले, आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कापूस पिंजायचं मशीन.

"नातीपेक्षा गाद्या जास्त झाल्या का तुम्हाला?" असं तो जन्मदात्याला म्हणाला. अण्णांनी वाद घातला नाही. मशीन विकलं, खोली धुऊन काढली. खोकला मात्र जिथल्या तिथे.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे जावं लागलं. नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघायचा होता. चिमणी बापाकडे जाईना. ती अण्णांच्या मांडीवर चढून बसली. अण्णांनी एक हात तिच्या कपाळावर ठेवला, दुसरा पोटावर.

"मुंगी आत चाललीय समज."

"चावेल?"

"ही नाही चावत. नुसती बघायला आलीय."

बधिर करायचं औषध फवारलं होतं, तरी तिचे डोळे भरून आले. पण पोरगी हलली नाही.

"हे नाक बघा," पडद्याकडे बोट दाखवत डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगदी स्वच्छ. अ‍ॅलर्जी असती तर इथे सूज दिसली असती." दुर्बीण खाली सरकली. "आणि हे स्वरयंत्र. मागची बाजू लाल, सुजलेली. पोटातलं आम्ल वर येत असावं. नुसत्या सुजेवरून छातीठोक सांगता येत नाही, म्हणून विचारते. जेवल्यावर लगेच झोपते का?"

"छे! जेवण लवकर, झोप उशिरा," औषधवाला म्हणाला.

दुर्बीण बाहेर येताच चिमणीला कंठ फुटला. "आणि बाबा आले की चॉकलेटचं दूध! रोज! अंथरुणातच पिते, मग लगेच गुडुप."

दिवसभर पित्ताच्या गोळ्या विकणाऱ्या त्या माणसाचे कान तापले. दुकान बंद करून तो घरी पोचेपर्यंत ती पेंगुळलेली असायची. तिने एकदा तरी हसून बघावं, म्हणून तो ते दूध आणायचा. चोर सोडून त्याने संन्याशाला फाशी दिली होती, आणि संन्यासी समोरच नातीचं नाक पुसत बसला होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

डॉक्टरबाईंनी औषध लिहून दिलं, ते दूध बंद करायला सांगितलं. "आणि उशा रचू नका, पोट दुमडतं. डोक्याकडे उंच, पायांकडे उतरती गादी कुठे मिळाली तर बघा."

"आमचे आजोबा करतात गाद्या!" चिमणी म्हणाली.

जिना उतरताना औषधवाल्याने तोंड उघडलं. "अण्णा, ते मशीन..."

अण्णांचं लक्ष नव्हतं. ते वितीने चिमणीची पाठ मोजत होते आणि तिला गुदगुल्या होत होत्या. मग त्यांनी मुलाकडे बघितलं.

"हातानेच पिंजेन मी," ते म्हणाले. "पण थोडा कापूस घरात आणावा लागेल. चालेल ना?"

टोमणा असता तर त्याला झेलता आला असता. पण अण्णा खरोखरच परवानगी मागत होते.