अकरा नापास फळ्या

गिटारची वरची फळी दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढी जाड असावी. त्याहून जाड राहिली तर तिचा पोळपाट होतो.

आरा मशीनच्या भिंतीवर पाटी आहे: पातं चालू असताना कामगारांनी बोलू नये.

सोलर पंपाची खोकी चिडाच्या लाकडाची असतात. लोक ती गोठ्याच्या दाराला ठोकतात.

पोळ्याच्या दिवशी कुकरच्या नऊ शिट्ट्या झाल्या. खेमसिंग कुकरपासून दोन हात अंतरावर बसून सुपारी कातरत होता. डाळ खाली लागली.

शीला आता बापाला फोन करत नाही. ती पुसदहून आईला फोन करते आणि म्हणते, "बाले सांग."

*

"मेली," खेमसिंग म्हणाला.

वरच्या टोकाजवळ दोन बोटांत त्याने फळी लोंबती धरली होती. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने तिच्या पोटावर ठोका दिला. मग ती कानाशी नेऊन परत दिला.

रुपीबाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. तिला दोन्ही ठोके ऐकू आले. पितळी ताटाला नख लागावं तसा टण्ण आवाज निघाला आणि अंगणात थोडा वेळ राहिला.

"हे बी मेलीच. चुलीत घाल."

"कोणती व्हय?"

"शिवणीच्या झाडाची."

ती चौथी होती. रुपीबाईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, फळी उचलली आणि न्हाणीजवळच्या जळणावर ठेवली. ठेवताना ती दगडाला लागली आणि पुन्हा वाजली. रुपीबाईने दचकून नवऱ्याकडे पाहिलं. तो पाचवी फळी उन्हात धरून तिच्या रेषा बघत होता.

*

फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून खेमसिंग एकतीस वर्षं महागावच्या आरा मशीनवर गेला. दाराच्या चौकटी, खिडक्यांच्या चौकटी, पलंगाचे पाय. त्याने कापलेलं सगळं लाकूड कुठल्या ना कुठल्या भिंतीत उभं आहे. पण तालुक्यात त्याचं नाव होतं ते कापण्यासाठी नाही. ओंडक्यावर पेर मारून तो सांगायचा, आत पोकळ आहे की भरीव. झरी जामणीकडे लिलाव असला की व्यापारी त्याला गाडीत पुढे बसवून नेत. एकदा एकाने ऐकलं नाही आणि बारा फुटांचा साग घेतला. तो चिरला तेव्हा आत मुंग्यांचं गाव निघालं. त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

जानेवारीत थप्पीवरून एक ओंडका सुटला. मुकादम देवीलाल ओरडला. सगळे पळाले. खेमसिंग पाठमोरा उभा होता, तसाच राहिला. ओंडका त्याच्यापासून हातभर अंतरावर एका दगडाला अडला.

दुसऱ्या दिवशी देवीलालने त्याला फाटकाजवळ खुर्ची दिली. "गाड्याचे नंबर लिवत जा, खेमूभाऊ. फाटकावर इश्वासाचा माणूस पायजे."

खेमसिंगने ते खरं मानलं की नाही, हे रुपीबाईने विचारलं नाही.

*

गिटारचं खूळ सलील सरांचं. हा पोरगेला मास्तर यवतमाळहून दर रविवारी महागावात येई आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत गिटार शिकवी. मुलं चौदा, गिटारी तीन, त्याही प्लायच्या. एप्रिलमध्ये पत्र्याखाली त्यांची पोटं फुगली आणि डिंक सुटला. कुणीतरी खेमसिंगचं नाव सांगितलं. त्याने तिन्ही अशा जोडून दिल्या, की सर बोटाने सांधा शोधत राहिले.

"काका, आपल्या इकडच्याच लाकडाची गिटार होईल का हो? म्हणजे शेतावरच्या पोरांना परवडेल अशी. एक जरी चांगली झाली, तरी पुढे रस्ता दिसेल."

खेमसिंग त्यांच्या ओठांकडे बघत होता. "होते ना. कायले नाई होत? एकच करतो, पण बोलणारी करतो."

घरी येताना तो रुपीबाईला म्हणाला, "इतके वर्षं चौकटीच कापल्या वो. चौकट काही बोलत नाई."

दांड्याला सरळ रेषेचा साग. पाठीला आणि बाजूंना बिज्याचं लाकूड. बोटं फिरतात त्या पट्टीला टेंबुरणीचा काळा गाभा. हे सगळं आठ दिवसांत ठरलं, कारण त्याला डोळा आणि हात पुरतो. उरली वरची फळी. ती हलकी लागते, मऊ लागते, आणि ती कानानेच निवडावी लागते.

*

पाचवी फळी मेली. सहावी मेली. सातवीही शिवणच होती, मशीनवरच्या छाटातून आणलेली, पाच वर्षं सावलीत सुकलेली. ढोलक करणारे शिवणीसाठी हात जोडतात. ती मेली.

मग हलदूच्या लाकडाच्या दोन.

"आताचं लाकूडच मुकं झालं," खेमसिंग म्हणाला. "पयलेसारखं नाई राह्यलं. युरियानं झालं."

"जंगलात कोन टाकते युरिया?"

"वाहून जाते ना पान्यासंगं!"

रुपीबाईला हसू आलं. मग ते गेलं. तिने शेंगा खाली ठेवल्या. "मले तं हे वाजल्यासारखी वाटली."

त्याने मान वळवली. "काय?"

"वाजली म्हनलं."

"तुले लाकडातलं काय समजते?"

ती परत शेंगा सोलू लागली. तिला वाईट वाटलं, आणि त्याखाली, लाज वाटावी इतकं हलकंही वाटलं.

*

दिवाळीला शीला आली. ती पुसदच्या एका दवाखान्यात नर्स आहे. अंगणात बाप चिडाच्या फळीवर पेर मारत होता. सोलर पंपाच्या खोक्याची फळी, तिच्यावर अजून बाणाचं चित्र होतं, ही बाजू वर.

"वा!" शीला बापाच्या पाठीमागून म्हणाली. "केवढी वाजून राह्यली!"

"मेली," बाप म्हणाला आणि फळी फेकली. ती अकरावी होती.

शीलाने आईकडे पाहिलं. आईने तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"याडी," शीला आईला म्हणाली, "हे काय चालू हाय? थे सगळं चांगलं लाकूड तू जाळून राह्यली?"

"हळू बोल."

"हळू कायले बोलू? बाले ऐकूच येत नाई!"

 आई चुलीतली राख सारखी करत होती.

"मशीनवरून काढलं," रुपीबाई म्हणाली. "लिलावाले नेत नाई कोनी. आता माह्याच तोंडानं सांगू का, का तुमचा कान गेला?"

"आपन तपासून घेऊ ना. मशीनवाल्यायचा बारीक आवाजच पयले जाते, जाडा तेवढा येते."

"म्या इचारलं. म्हनते, कान बरोबर हाय, लोकंच तोंडातल्या तोंडात बोलते."

बाहेर पेराचे ठोके पुन्हा सुरू झाले होते. आता तो दार ठोकत होता. घराचंच.

*

फळी सापडली ती मोडक्या पलंगाच्या डोक्याकडची. जुना साग, तेलकट, अंगठ्याएवढा जाड. खेमसिंगने ठोका दिला आणि तो उभाच राहिला.

"ये, रुपी! हे पाय! हे बोलते!"

ती आली. त्याने परत मारला. सोयाबीनच्या पोत्यावर मूठ मारावी तसा ढब्ब आवाज झाला आणि तिथेच मेला.

"आयकलं?"

त्याचा चेहरा उजळला होता. जानेवारीपासून तिने तो असा पाहिला नव्हता.

"हो," रुपीबाई म्हणाली. आणि त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाली, "बोलते!"

दोन महिने तो त्या गिटारवर काम करत बसला. बाजूच्या पट्ट्या तापल्या पाइपावर वाकवल्या. सांधा असा, की केस शिरणार नाही. फक्त वरची फळी रंधताना तो मधूनमधून ठोका देई, आणि जसजशी ती पातळ होई तसतसा त्याला आवाज कमी येई. म्हणून त्याने रंधा लवकर थांबवला. ती चार नाण्यांएवढी जाड राहिली.

*

रविवारी दोघं महागावला गेली. वर्ग भरला होता. सलील सरांनी गिटार उलटीसुलटी करून पाहिली, पाठीवरून हात फिरवला. "काय काम आहे काका!" मग तारा लावल्या, सूर मिळवला आणि छेडली.

मुलांची कुजबुज थांबली. सरांनी परत छेडली, जरा जोरात. मग त्यांनी मान वर केली ती रुपीबाईकडे. तिने नजर खाली घेतली.

"छान झाली," सर म्हणाले.

"जोरानं वाजवा, सर."

सरांनी सगळ्या ताकदीने वाजवली. एक तार फळीवर आपटून खडखडली. खेमसिंग पुढे झाला आणि त्याने गिटारच्या पोटावर तळवा टेकवला. बराच वेळ ठेवला. मग भिंतीवरची प्लायची एक गिटार काढली, त्यानेच जोडलेली, आणि सरांपुढे धरली.

"आता हे."

"काका, कशाला—"

"वाजवा ना."

सरांनी वाजवली. खेमसिंगने तिच्यावर तळवा ठेवला. गाय अंगावरची माशी उडवताना कातडी थरथरवते, तसं त्याच्या हाताखाली काहीतरी थरथरत होतं. त्याने हात उचलला, परत आपल्या गिटारवर ठेवला आणि सरांना खूण केली. सर वाजवत राहिले. हाताखाली पलंग होता.

मागच्या रांगेतली अर्पिता नावाची मुलगी वहीत बघत बसली. कुणीच हसलं नाही. खेमसिंगने सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं.

"साग हाय," तो म्हणाला. "शंभर वर्सं कीड लागनार नाई." आणि त्याने ती गिटार स्वतःच्या हाताने भिंतीवरच्या खिळ्याला टांगली.

*

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. उमरखेडचा फाटा मागे पडल्यावर त्याने विचारलं.

"त्या फळ्या वाजत होत्या का?"

"हो," रुपीबाई म्हणाली.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. "जोरात सांग."

"हो!"

"कोनत्या?"

बस घाटीला लागली होती, इंजिन गुरगुरत होतं. रुपीबाईने त्याच्या कानाशी तोंड नेलं, तरी तिला ओरडावंच लागलं. "सगळ्या! अकराच्या अकरा वाजत होत्या!"

पुढचे लोक वळले. "काय वाजलं वो काकू?" कुणीतरी विचारलं. "बारा वाजले आमच्या बसचे!" बस हसली. कंडक्टरही हसला.

खेमसिंगने मान हलवली. तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मग तिचा हात आपल्या हाताखाली घेतला आणि बाहेर बघत म्हणाला, "थंडीत पानी मात्र चांगलं तापे."

एकतीस वर्षांपूर्वी, आरा मशीनवरच्या पहिल्या दिवशी, सगळ्या नव्या कामगारांना कानात घालायला कापसाचे बोळे दिले होते. खेमसिंगने ते तासाभरात काढून फेकले. त्यांच्यामुळे लाकडाचा आवाज नीट कळत नव्हता.