खुब्याच्या किती फेऱ्या?

काकूंच्या उजव्या खुब्यात नवा सांधा बसून सहा महिने झाले, तरी काकांनी अजून तो वापरासाठी खुला केला नव्हता. काका म्हणजे चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले मेकॅनिक. काकू बासष्टच्या, बॅडमिंटनच्या डबल्समध्ये नेटजवळ उभ्या राहून भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या. काठी कधीच सुटली होती. राहिलं होतं फक्त कोर्ट. बूट काढायला गेल्या, तर कपाटाला कुलूप आणि कुलपावर पाटी: ‘देखभालीचे काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

“अहो, हे काय?”

“जुनी पाटी आहे. अक्षर बघ अजून कसं आहे.”

तपासणीला काका बरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला. “छान बसलाय. बहुतेकांचा वीस वर्षं तरी टिकतो.”

“वर्षं नकोत, फेऱ्या सांगा.”

“फेऱ्या?”

“लिफ्टचा दोर कॅलेंडर बघून झिजत नाही, बाई. वर-खाली किती केलं त्यावर झिजतो.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, म्हणून काकांना त्या आवडल्या. “खरंय, वापराने झिजतो. पण हल्लीचं प्लास्टिक चिवट असतं. चाला, पोहा, डबल्सही बेताने खेळा. उड्या नकोत, आणि पडू तर मुळीच नका.”

एवढ्या बोलण्यातून काकांनी ‘बेताने’ हा एकच शब्द घरी आणला.

“काढा ती पाटी,” काकू म्हणाल्या.

“काढू की. पुढच्या वर्षी.”

“पाय माझा, सांधा माझा, आणि किल्ली तुमच्या खिशात! शोकेसमध्ये ठेवायला बसवलाय का तो?”

काका साखरेच्या डब्याचं झाकण लावत बसले. ते आधीच लागलेलं होतं.

“वीस वर्षांनी तू ब्याऐंशीची,” ते म्हणाले. “पुन्हा बदलायची वेळ आली तर मी ब्याण्णवचा. म्हणजे, असलोच तर. तुला हॉस्पिटलात कोण नेणार? न्हाणीतलं स्टूल कोण पुसून ठेवणार? तुला ओलं चालत नाही.”

काकूंचा राग कुठल्या कुठे गेला, पण त्यांनी तसं दिसू दिलं नाही.

“पिठाचा डबा उचलायला शेजाऱ्यांना हाक मारता. ब्याण्णवाव्या वर्षी मला उचलणार होतात?”

“प्रयत्न केला असता.”

काकूंनी त्यांच्या हातातला डबा काढून घेतला आणि हात तसाच धरून ठेवला. “ऐका. कोर्टावरच्या तिघी माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान आहेत. घरात बसून सांधा जपला, तर तेव्हा मला ओळखणारं कोण उरेल? खेळत राहिले, तर नेणारं कुणीतरी असेल.”

काकांनी खूप शोधलं, पण यात त्यांना बिघाड सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू कोर्टावर उतरल्या. पहिलं शटल चुकलं, दुसरं चुकलं, तिसरं त्यांनी असं अलगद नेटपलीकडे टाकलं की त्या तिघींतली, समोर खेळणारी बेकरीवाली नुसती बघत राहिली. काका बाकावर बसून होते. बायकांना वय विचारू नये हे त्यांना ठाऊक होतं, पण प्रश्न तांत्रिक होता. बेकरीवाली पाणी प्यायला आली, तसा त्यांनी विचारला.

“चव्वेचाळीस. का हो काका?”

“गाडी चालवता येते?”

“येते की. कुठे जायचंय?”

“घाई नाही,” काका म्हणाले आणि तिला बसायला जागा करून दिली. “वीसेक वर्षांनी एक दिवस सुट्टी काढावी लागेल.”