परतीचा कंटेनर

बंदराचं नाव काढलं की म्हाताऱ्या कुंभाराच्या कपाळाला आठी पडायची. बंदरातून स्वस्त कप-बरण्यांचे कंटेनर यायला लागले आणि त्याची भट्टी थंडावली. "समुद्र कुठल्या कुठे, आणि बुडालो आम्ही!" हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. आता तर धाकटा मुलगाच तिथे हमालीला निघाला होता. त्याची भरलेली पिशवी दाराशी होती आणि म्हातारा तिच्याकडे बघायचं टाळत होता.

सून मात्र खटपटी. हे कंटेनर बंदराकडे परत रिकामेच जातात, हे तिने ट्रकवाल्याच्या तोंडून काढून घेतलं. "रिकामा नेण्यापेक्षा आमच्या कुंड्या न्या की, दादा! भाडं तेवढं बेताचं घ्या." ट्रकवाल्याला पटलं. समुद्रापलीकडचं एक गिऱ्हाईकही तिने गाठलं. हा माल गेला तर भट्टी पेटती राहणार होती, आणि मुलगा घरी.

म्हाताऱ्याने बापजाद्यांच्या रीतीने एकेक कुंडी पेंढ्यात मायेने गुंडाळली. कंटेनर बंदराच्या फाटकावरूनच परत आला. पेंढ्यात कीड असते म्हणे, जहाजावर चालत नाही!

"घ्या! माझ्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला," म्हणत म्हातारा मटकन खाली बसला. ट्रकवाला संध्याकाळपर्यंत थांबणार होता, त्यापुढे नाही.

सून कंबर कसून शिंप्यांच्या गल्लीत गेली. शिंपी रोज चिंध्या जाळायचे, त्यांनी पोती भरभरून दिल्या. "पुढच्या वेळी फुकट नाही हं, वहिनी," असंही बजावलं. म्हणजे पुढची वेळ त्यांनी धरूनच टाकली होती! सुतार पेट्या ठोकायला आला, शेजारणी गुंडाळायला बसल्या. ज्या बंदराने धंदा बुडवला, त्याच बंदराला माल धाडायला आज सगळी गल्ली राबत होती. म्हाताऱ्याला बरं वाटलं, पण कबूल कोण करतो!

शेवटच्या पेटीला चिंध्या संपल्या. बाहेर हॉर्न वाजायला लागला.

मुलगा उठून दाराशी गेला आणि त्याने पिशवी उचलली. म्हाताऱ्याने मान फिरवली. पण मुलगा माघारी आला, पिशवी उलटी केली आणि आपले सदरे कुंड्यांना गुंडाळायला लागला.

"अरे, जाताना काय घालशील?"

"जातंय कोण, बाबा?"

म्हाताऱ्याने घाईघाईने डोळे पुसले आणि ओरडला, "मग एखादा जुना सदरा ठेव की, गाढवा! उद्या भट्टीशी उघडा बसणार का?"