पदरचं वाक्य

दुसऱ्याच अंकात राजा मरायला निघाला. मरतानाचं ते भाषण चौथ्या अंकातलं. राजाचं काम करणाऱ्या आमच्या दादांनी छातीवर हात ठेवून "माझ्यामागे हे राज्य..." अशी सुरुवात केली. चिमट्याने तिथल्या तिथे कोलांटी मारली.

"महाराज, एवढी घाई? निदान जेवून तरी जा."

प्रेक्षक हसले, नाटक रुळावर आलं.

चिमटा आमचा विदूषक. त्याचं खरं नाव त्याच्या आईला आठवत असलं तर असेल. शोकांतिकेत प्रधानापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे माना डोलावतात. राजाला तोंडावर खरं सांगतो तो एकटा विदूषक. म्हणून दादांनीच कंपनीत रीत घालून दिली होती, की दर प्रयोगात विदूषकाने एक वाक्य पदरचं घालायचं आणि राजाने त्याला उत्तर द्यायचं. हल्ली ते वाक्य दादांची चूक झाकण्यातच खर्ची पडत होतं. आम्ही प्रधान लोक अर्थातच गप्प होतो.

मध्यंतरात दादांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, चिमट्याला कपडेपटात गाठलं.

"भावजी, ह्यांना घास उतरत नाही. ताटावर बसून संवाद घोकतात. मी काही बोलले की उठून जातात. तुम्ही सांगा, आता पुरे म्हणून."

"मी? उभं करायचे नाहीत मला."

"तुमचं ऐकायची सवय आहे त्यांना. निदान रंगमंचावर तरी."

चिमट्याचं तोंड एवढंसं झालं. त्याला हाताला धरून नट केला तो दादांनी. त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

तिसऱ्या अंकात दादा पुन्हा अडकले. या खेपेला चिमट्याने उडी मारली नाही. तो सिंहासनाच्या पायरीवर बसला आणि साध्या आवाजात म्हणाला, "महाराज, थकलात तुम्ही. आता दुसऱ्याला बसू द्या."

दादा त्याच्याकडे वळले. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

"कधीपासून म्हणायचं होतं हे?"

"बरेच दिवस झाले. धीर होत नव्हता."

"मलाही नव्हता होत," राजा म्हणाला.

प्रेक्षकांना हे नाटकच वाटलं. पुढचे संवाद चिमटा पायाशी बसून आधी हळूच सांगायचा, दादा मागून खणखणीत म्हणायचे. लपवाछपवी संपली होती. चौथ्या अंकात राजा असा झकास मेला की मला रडू आवरेना.

रंगपटात दादांनी सेनापतीचं काम करणाऱ्याला बोलावलं. "उद्यापासून राजा तू. पाठांतर कर, नाहीतर चिमटा सोडणार नाही."

वहिनी चहा घेऊन आल्या, तोवर दादा खुर्चीतच झोपले होते. तोंडाला रंग तसाच, आणि चक्क घोरत होते. दुपारचा प्रयोग, बाहेर अजून ऊन होतं. चिमटा कापूस घेऊन त्यांचा रंग पुसायला उठला, तर वहिनींनी त्याला हातानेच थांबवलं.

"राहू द्या, भावजी. झोपू द्या त्यांना."